पान उलटण्यापूर्वी : लहान मुले, चित्रपुस्तके आणि कर्माचा विचार

राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहुल राहत असता एके सायंकाळी तथागत त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यासाठी पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर तथागतांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि ते दिसते का, असे राहुलाला विचारले. मग ते पाणी फेकून दिले आणि पुन्हा विचारले. भांडे पालथे घातले आणि पुन्हा विचारले. शेवटी भांडे सुलटे करून त्याचा रिकामा तळ दाखविला आणि चौथ्यांदा विचारले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व उरलेल्या पाण्याइतके थोडे, फेकलेल्या पाण्यासारखे वाया गेलेले, पालथ्या आणि रित्या भांड्यासारखे असते, हे त्यांनी प्रत्येक वेळी दाखविल्यानंतर सांगितले. मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात हा प्रसंग आला आहे. अट्ठकथेची परंपरा राहुलाचे वय त्या वेळी सात वर्षांचे मानते, म्हणजे आपल्या शाळेतील दुसरीच्या वर्गातील मूल.

इतिहासाचे अध्ययन केल्यामुळे आमचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे जाते. राजस्थानात बैराट येथे मिळालेल्या आणि आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने भिक्खू, भिक्खुणी, उपासक व उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मपर्याय नावानिशी सांगितले आहेत. त्यांतील सातवा म्हणजे खोटे बोलण्यासंबंधी राहुलाला केलेला उपदेश. एका बालकासाठी पाण्याच्या भांड्यावरून दिलेला पाठ सम्राटाने प्रौढांच्या यादीत घातला. पहिलीदुसरीच्या वर्गाला शिकविणे म्हणजे हलके काम असे मानणाऱ्या आमच्या काही सहकाऱ्यांना आम्ही हा लेख अधूनमधून दाखवितो.

त्याच सुत्ताच्या उत्तरार्धात आरसा येतो. आरसा कशासाठी असतो, असे तथागत विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल सांगतो. त्याप्रमाणे शरीराने, वाणीने वा मनाने काही करायचे झाल्यास ते करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही दुःख होणार आहे काय, हे तपासावे. करून चुकले असेल तर ते शास्त्यासमोर किंवा जाणत्या सोबत्यासमोर उघड करावे आणि पुढे संयम ठेवावा. शिक्षेचा उल्लेख येथे कोठेही नाही. लहान मुलांना निवड आणि तिचे परिणाम शिकविण्याची यापेक्षा पक्की पद्धत आमच्या वाचनात आलेली नाही. अडचण इतकीच की ‘करण्यापूर्वी थांबून पाहा’ हे सात वर्षांच्या मुलाला सांगून येत नाही. त्याला थांबण्याचा सराव हवा, आणि ज्या ठिकाणी थांबायचे ती जागा त्याला डोळ्यांनी दिसायला हवी.

ती जागा आम्हांला चित्रपुस्तकात सापडली. उजव्या हाताचे पान संपते, गोष्ट अर्धी असते, पुढचे पान अजून उलटलेले नसते. शिक्षकाने तेथे बोट धरून ठेवावे. एवढेच तंत्र. बाकी सगळे त्या बोटाभोवती आहे.

चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट शब्दांनी सांगितलेली असते आणि अर्धी चित्राने; चित्र झाकले तर गोष्ट अपुरी राहते. आपल्या ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच आहे, नॅशनल बुक ट्रस्ट व प्रथम बुक्स यांची स्वस्त आणि सुबक पुस्तके आहेत. एका माजी विद्यार्थ्याने एरिक कार्ल यांचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ पाठविले होते. १९६९ सालचे हे पुस्तक जगभर गेलेले आहे. अंड्यातून निघालेला सुरवंट सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज एकेक अधिक फळ खातो, शनिवारी दहा निरनिराळे पदार्थ फस्त करतो आणि रात्री त्याचे पोट दुखते. रविवारी तो एक हिरवे पान खातो आणि त्याला बरे वाटते. पुस्तकात त्याला कोणी रागावत नाही, कोणी उपदेश करीत नाही. पोट दुखले, पान खाल्ले, बरे वाटले. आपल्या मुलांना हे सुरवंटाचे दुःख फार लवकर कळते. १४ एप्रिलच्या गोडाच्या जेवणानंतरची वसतिगृहातील रात्र ज्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, त्यांना यावर अधिक सांगायला नको.

परंतु सगळ्या निवडी पोटदुखीइतक्या सोप्या नसतात. आम्ही ज्या गोष्टीपाशी सर्वांत जास्त रेंगाळतो ती रुरू मृगाची. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, एका गोल शिल्पपटात ही गोष्ट कोरली गेली. तो कठडा आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातही ती रंगविलेली आहे. गोष्ट अशी : पैसा उधळून कर्जात बुडालेला एक माणूस नदीत उडी घेतो. सोन्याच्या रंगाचा एक हरीण त्याला पाठीवर घेऊन काठावर आणतो आणि एकच मागणे मागतो की माझा ठावठिकाणा कोणाला सांगू नकोस. इकडे राजा अशा हरणाचा पत्ता देणाऱ्यास मोठे बक्षीस जाहीर करतो.

भारहूतच्या शिल्पकाराने नदीतील सुटका, बाण रोखलेला राजा आणि हरणापुढे हात जोडलेला राजा हे सर्व एकाच वर्तुळात कोरले. गोष्ट आधीच ठाऊक असलेल्या उपासकासाठी ते योग्यच होते. आमच्यापुढील मुलांना मात्र पुढचे ठाऊक नसते, म्हणून आम्ही ते वर्तुळ सोडवून पानांवर घेतले. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी, दाभणाने घातलेले टाके, आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी मोठ्या आकारात काढलेली अकरा चित्रे, जेणेकरून मागच्या ओळीतील मुलालाही माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव दिसावा. सहाव्या पानावर तो माणूस दवंडी ऐकत उभा आहे. तेथे आमचे बोट थांबते.

पहिल्या वर्षी आम्ही तेथे विचारले, ‘आता त्याने काय केले पाहिजे?’ पंचवीस मुलांनी एका सुरात उत्तर दिले, ‘सांगू नये, सर!’ पाठ पाच मिनिटांत संपला आणि कोणी काही शिकले नाही. निवासी शाळेतील मुलांना शिक्षकाला कोणते उत्तर हवे आहे ते फार लवकर उमगते. तो त्यांचा दोष नव्हे, ते त्यांचे शहाणपण आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही प्रश्न बदलला. ‘काय दिसते?’ ‘हा आता काय करील असे वाटते?’ ‘त्याने तसे केले तर कोणाकोणाला काय होईल?’ आणि ‘आणखी काय करता येईल?’ एवढेच विचारायचे आणि उत्तर कोणतेही आले तरी मान डोलवायची नाही. मान न डोलविणे हे शिक्षकाला फार अवघड जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

मग वर्ग बोलू लागला. ‘त्यो सांगंल, सर. त्याला पैसं पायजेत.’ ‘त्याच्या घरात खायाला नसंल.’ दुसरीतील एक मुलगा, जो सहसा बोलत नसे, म्हणाला, ‘त्यानं उचल घेतली असंल, सर. मुकादम दारात बसला असंल.’ जातकातील उधळ्या सावकारपुत्राच्या कर्जाला त्या मुलाने आपल्या घरचा शब्द दिला. वर्गात ज्यांचे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात ती सगळी मुले त्या चित्राकडे नव्याने पाहू लागली. दगा देणारा माणूस त्यांना एकाएकी ओळखीचा झाला. त्याने सांगू नये असेच त्यांचे मत राहिले. पण न सांगणे किती जड आहे, हे त्यांना आता समजले होते. आमच्या मते निवडीचा पाठ येथे सुरू होतो. ज्या निवडीत काहीच सोडावे लागत नाही, तिला मूल निवड समजत नाही.

गोष्टीचा शेवटही आम्ही गाळत नाही, कारण तो शेतकरी मुलांना फार रुचतो. राजा दगाबाजावर बाण रोखतो, तेव्हा हरीणच त्याला वाचवितो. पुढे राजा सर्व प्राण्यांना अभय देतो, आणि मग हरणे बिनधास्त लोकांची पिके खाऊ लागतात! लोक राजवाड्यावर गाऱ्हाणे घेऊन येतात. राजा दिलेला शब्द मोडीत नाही, आणि तोडगा हरीणच काढतो : लोकांनी शेतावर पानांची खूण बांधावी, हरणांनी खूण असलेल्या शेतात शिरू नये. चांगल्या निर्णयाचाही त्रास होतो आणि तो त्रास पुन्हा बसून निस्तरावा लागतो, हे सांगणारी बालकथा आम्हांस दुसरी माहीत नाही. रानडुकरांनी भुईमूग उकरलेला ज्यांनी पाहिला आहे ती मुले येथे अर्धा तास वाद घालतात.

येथे काही उपासक बंधूंनी आम्हांला प्रामाणिक प्रश्न विचारला होता : बाबासाहेबांचा धम्म शिकविणाऱ्या शाळेत जातके कशाला? प्रश्न योग्य आहे. जातकाच्या अखेरीस त्या वेळचा हरीण म्हणजे मीच, असा पूर्वजन्माचा सांधा जोडलेला असतो. आम्ही गोष्ट ठेवतो आणि तो सांधा मुलांना सांगत नाही. त्याचे कारण आमच्या हातून घडलेल्या एका चुकीशी जोडलेले आहे, आणि या लेखाचे प्रयोजनही ती चूकच आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एक चित्रपुस्तक तयार केले होते. दोन भाऊ. एक अभ्यास करतो, एक उनाडक्या करतो. पाने उलटत जातात. पहिला साहेब होतो, दुसरा ऊन्हात ओझी वाहतो. आम्हांला ते पुस्तक फार चांगले वाटत असे. चित्रे ठसठशीत होती, परिणाम स्पष्ट होता. तिसरीच्या वर्गात ते वाचून संपल्यावर एका मुलीने हात वर केला. तिचे आईवडील दसऱ्यानंतर टोळीबरोबर बाहेर पडत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतत. तिने विचारले, ‘सर, माझ्या आईबापानं लहानपणी ऐकलं नाय, म्हणून ते ऊस तोडत्यात ना?’

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. शिकविलेले नीट समजले आहे की नाही, एवढेच ती तपासून पाहत होती. आणि तिला ते बरोबर समजले होते. आमच्या पुस्तकाने तेच सांगितले होते. वर्गातील दोनतीन मुलांनी मानाही डोलावल्या. आम्ही काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, ते पुरेसे नव्हते एवढे मात्र आठवते.

त्या रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पुन्हा उघडला. कर्मसिद्धान्ताविषयी बाबासाहेबांनी त्या ग्रंथात दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या केल्या आहेत. एक, कृतीला परिणाम असतो आणि म्हणून जगाच्या नैतिक व्यवस्थेची जबाबदारी माणसावर आहे, देवावर नाही. हा बुद्धाचा कम्मनियम. परिणाम ताबडतोब होतो, काही वेळा उशिरा होतो, काही वेळा फार लांबणीवर पडतो, हेही त्यांनी सांगितले आहे. दुसरी गोष्ट, आजचे दारिद्र्य हे मागील जन्मीच्या कर्माचे फळ होय, हा ब्राह्मणी सिद्धान्त. गरीब व खालच्या मानलेल्या लोकांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू त्यांना दिसत नाही.

आमच्या दोन भावांच्या पुस्तकात पूर्वजन्म नव्हता. परंतु काम तेच झाले होते. पूर्वजन्माच्या जागी बालपण आले होते, इतकाच फरक. अवर्षण, जमिनीचा अभाव, उचल, मुकादम, जात, यांपैकी एकही गोष्ट चित्रात नव्हती. म्हणून त्या मुलीने सगळे ओझे आपल्या आईबापांच्या निवडीवर टाकले. ज्या विचाराविरुद्ध आपल्या वाडवडिलांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तो विचार ‘नीतिपाठ’ म्हणून आम्ही आपल्याच शाळेत रंगीत चित्रांसह परत आणला होता. ते पुस्तक आम्ही फाडले नाही. नवे शिक्षक रुजू झाले की पहिल्या आठवड्यात त्यांना ते दाखवितो आणि त्या मुलीचा प्रश्न सांगतो.

तेव्हापासून आमच्या पद्धतीत एक प्रश्न वाढला : ‘निवडण्याची मोकळीक कोणाला होती?’ हा प्रश्न शिकविण्यासाठी आम्ही ‘पाणी’ नावाचे चित्रपुस्तक केले. त्याचा आधार बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात स्वतः सांगितलेला, १९०१ सालचा प्रसंग. माजी विद्यार्थ्यांना तो ठाऊक आहे. पालकांसाठी थोडक्यात सांगतो. वडील सातारा जिल्ह्यात दुसऱ्या गावी नोकरीस होते. त्यांनी सुटीत बोलाविले म्हणून बाल भीमराव, थोरला भाऊ आणि सोबतचे मूल नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. येण्याचे पत्र आधी पाठविले होते, पण न्यायला कोणी आले नाही. स्थानकप्रमुखाने प्रथम मायेने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे, आणि गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. रात्री शिदोरी होती पण पाणी नव्हते. टोलनाक्यावर पाणी मागितले, तेथेही मिळाले नाही. मुले भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. नंतर समजले की पत्र पोहोचले होते. वडिलांच्या नोकराने ते वडिलांना दिलेच नव्हते.

हे पुस्तक वाचताना एक गोष्ट दरवर्षी घडते. शेवटच्या पानावर पत्राचा उलगडा झाला की मुले नोकरावर तुटून पडतात. ‘त्यानं चिठ्ठी दिली असती तर काहीच झालं नसतं!’ परिणामाची साखळी त्यांना सापडलेली असते आणि ती खरीही असते. मग आम्ही पाने पुन्हा पहिल्या चित्रापर्यंत मागे नेतो आणि विचारतो, ‘त्या दिवशी त्याच स्टेशनावर दुसऱ्या कुणाची पोरं उतरली असती आणि त्यांचीही चिठ्ठी हरवली असती, तर?’

वर्ग गप्प होतो. मग एकेक आवाज येतो. ‘मास्तरनं घरी नेलं असतं.’ ‘गाडी मिळाली असती.’ ‘एकाच भाड्यात.’ आणि बराच वेळाने कोणीतरी म्हणते, ‘पाणी मिळालं असतं.’

फळ्यावर आम्ही दोन रकाने करतो. चिठ्ठी विसरल्याने काय झाले : उशीर झाला, मुले घाबरली, वाट पाहावी लागली. तहान कोणत्या रकान्यात लिहायची यावर मुले भांडतात, आणि शेवटी ती दुसऱ्या रकान्यात जाते. त्या रकान्याला नाव काय द्यायचे ते आम्ही सांगत नाही. तिसरीतील मुले स्वतःच देतात. काही वर्गांनी ‘जात’ असे लिहिले, एका वर्गाने ‘लोकांचं वागणं’ असे लिहिले. दोन्ही आम्ही तसेच ठेवले. ज्या मुलीने आईबापांविषयी विचारले होते, ती तेव्हा चौथीत गेली होती. हे पुस्तक वाचण्यासाठी आम्ही तिला मुद्दाम तिसरीच्या वर्गात बसविले. तिने काही विचारले नाही. दुसऱ्या रकान्याखाली तिने स्वतः उठून ‘उचल’ असे लिहिले आणि जागेवर जाऊन बसली.

मग परिणामांचा पाठ म्हणजे सगळे समाजावर ढकलणे काय? तसेही नव्हे. हा आक्षेप आमच्याच सहकाऱ्यांनी घेतला होता आणि तो आम्ही गंभीरपणे मानतो. ज्या मुलाने दुसऱ्याच्या पेटीतील साबण घेतला, त्याला तो घेण्याची आणि न घेण्याची मोकळीक होती. त्याच्याशी बोलताना आम्ही परिस्थितीची ढाल त्याच्या हाती देत नाही. राहुलाचे तीन प्रश्न विचारतो आणि साबण ज्याचा त्याला त्याने स्वतः नेऊन द्यावा, एवढी अपेक्षा ठेवतो. रोज सकाळच्या वंदनेत मूल पंचशील म्हणते, त्यातील प्रत्येक शीलाला ‘शिक्षापद’ म्हटले आहे आणि ‘समादियामि’, म्हणजे मी स्वीकारतो, असे म्हणून मूल ते घेते. हुकूम पाळण्यापेक्षा हे वेगळे आहे, आणि स्वीकारणाऱ्याला चुकल्यावर पुन्हा स्वीकारता येते.

वयाचाही विचार करावा लागतो. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांना विचारलेले दोन प्रसंग दिले आहेत. एका मुलाने दार उघडले आणि दारामागे असलेले पंधरा पेले नकळत फुटले. दुसऱ्याने आई नसताना मुरंबा चोरण्यासाठी हात घातला आणि एक पेला फुटला. अधिक चूक कोणाची? लहान मुले पंधरावाल्याची म्हणतात, मोठी मुले मुरंबावाल्याची. भोजनगृहातील पेल्यांची चित्रे काढून आम्ही हा प्रश्न विचारला. पहिलीचा वर्ग बहुतेक पंधरा पेल्यांच्या बाजूने होता, चौथीचा दुसऱ्या बाजूने. चेतना म्हणजेच कर्म, असे तथागतांनी म्हटले आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलाला हेतू दिसत नाही, काचा दिसतात. म्हणून पहिलीत आम्ही हेतूवर व्याख्यान देत नाही. चित्रातील चेहरे दाखवितो आणि ‘याला तसे करायचे होते का?’ एवढे विचारतो. बाकीचे काम वय करते.

आणखी एक सावधगिरी. बाजारात मिळणाऱ्या अनेक नीतिकथांत खोटे बोलणारा पुढच्याच पानावर सापडतो आणि अखेरीस तात्पर्य ठळक अक्षरांत असते. मुलांना ठाऊक आहे की वसतिगृहात खोटे बोललेले निम्मे वेळा सापडत नाही. पुस्तक काही सांगते आणि खोलीत काही दिसते. मग मूल पुस्तकावर विश्वास ठेवणे सोडते. बाबासाहेबांनी सांगितलेला लांबणीवर पडणारा परिणाम अकरा पानांत दाखविता येत नाही. तो शाळेच्या आवारात दाखवावा लागतो. पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी लावलेल्या कडुनिंबाखाली बसून आम्ही ही पुस्तके वाचतो, त्याचे कारण सावली एवढेच नाही.

पालकांना एक विनंती आहे. भेटीच्या रविवारी ‘आम्हाला वाचता येत नाही’ असे म्हणून आपण पुस्तक परत देता. चित्रपुस्तकाला अक्षरांची अट नाही. एका मातेने रुरूची गोष्ट चित्रे पाहत आपल्या बोलीत सांगितली. तिच्या गोष्टीत नदीला पूर आला होता, हरणाला गाभण हरिणी होती आणि राजा सरपंचासारखा बोलत होता. तिच्या मुलाने ती गोष्ट आमच्या गोष्टीपेक्षा अधिक वेळा ऐकली. माजी विद्यार्थ्यांनी पुस्तके भेट देताना एवढेच पाहावे की शेवटी तात्पर्य छापलेले नसावे, आणि दारिद्र्य हे आळसाचे फळ म्हणून रंगविलेले नसावे.

‘पाणी’ या पुस्तकात एक पान आम्ही कोरे ठेवले आहे. टोलनाक्यापाशी मुले पाणी मागतात, तेथे डाव्या पानावर चित्र आहे आणि उजवे पान रिकामे. खरे काय झाले ते पुढच्या पानावर येतेच, ते आम्ही बदलत नाही. पण नाकेदाराला त्या क्षणी निवड करता येत होती, आणि त्या निवडीचे चित्र प्रत्येक मुलाने वेगळ्या कागदावर काढून त्या कोऱ्या पानावर चिकटवायचे. आता तेथे कागदांचा जाड थर झाला आहे. कोणी नाकेदाराची नुसती पाठ काढली आहे. कोणी त्याला कळशी घेऊन धावताना काढले. एका मुलाने त्याच्या शेजारी आणखी चार माणसे काढली आणि ‘हे बघतील म्हणून त्यो देत नाय’ असे सांगितले.

गेल्या वर्षी दुसरीतील एका मुलीने नाकेदार काढलाच नाही. तिने मोठा रांजण काढला आणि त्याच्याभोवती पेलेच पेले. त्यांतील एक पेला थोडा दूर होता. तो कोणाचा, असे आम्ही विचारले.

‘त्या नाक्यावाल्याचा,’ ती म्हणाली. ‘त्यालाबी रातीला तान लागली असंल.’

मेळाव्यास येणाऱ्यांनी हे पुस्तक अवश्य पाहावे. ग्रंथालयात खिडकीखालच्या फळीवर आहे. टाके सैल झाले आहेत, तेव्हा पाने जपून उलटावीत.